सायक्लोफोटोकोॲग्युलेशन

औषधे व शस्त्रक्रिया यांना दाद न देणाऱ्या काचबिंदूत डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी रोमक पिंडाचा (सिलिअरी बॉडीचा) काही भाग लेसरने निकामी करण्याची पद्धत. ट्रॅबेक्युलेक्टॉमीसारख्या शस्त्रक्रियेत नेत्रजलाचा (डोळ्याच्या आतील द्रवाचा) निचरा वाढवतात. येथे ते तयार होण्याचे प्रमाणच घटवतात. मधुमेहात किंवा दृष्टिपटलाची नीला बंद पडल्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटून होणारा काचबिंदू, स्वच्छमंडलाच्या (कॉर्नियाच्या) प्रतिरोपणानंतरचा, सिलिकॉन तेलामुळे उद्भवणारा, तसेच आधीची शस्त्रक्रिया फसलेला काचबिंदू हे तिचे मुख्य क्षेत्र होय.

रोमक पिंड नष्ट करण्याची कल्पना लेसरहून जुनी आहे. १९३० च्या दशकात वेव्हे व फोग्ट यांनी त्यासाठी डायाथर्मी (विद्युत्प्रवाहाने निर्माण केलेली उष्णता) वापरली. १९५० मध्ये बिएट्टी यांनी अतिशीतन सुचवले. प्रकाशाच्या वापराचे श्रेय कोणाला, यावर एकमत नाही. वीकर्स व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये झेनॉन दिव्याचा प्रकाश वापरला होता, तर बेकमन व शुगर यांनी १९७२ च्या सुमारास रुबी लेसर आणला. लेसरचा इतिहास दुसऱ्या प्रयोगापासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे १,०६४ नॅनोमीटरचा निओडिमियम-याग आणि १९९० च्या दशकात ८१० नॅनोमीटरचा डायोड लेसर आला. याग किरण श्वेतपटलातून (डोळ्याच्या पांढऱ्या आवरणातून) अधिक सहज पार होतात. परंतु डायोडचे किरण मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त शोषते, त्यामुळे कमी ऊर्जा पुरते. सुटसुटीत यंत्रामुळेही डायोडच रूढ झाला.

बधिरीकरणानंतर शलाका स्वच्छमंडलाच्या कडेलगत श्वेतपटलावर टेकवून लेसर देतात. रूढ मात्रा सुमारे २,००० मिलिवॉट, २ सेकंद. ऊतक फुटल्याचा ‘पॉप’ आवाज आला की शक्ती उतरवतात. कमी शक्ती अधिक वेळ देणारी संथ पद्धतही प्रचलित आहे; गडद डोळ्यांत ती सौम्य ठरते, असे तिचे पुरस्कर्ते मानतात. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे तीन व नऊ वाजण्याच्या जागा तेथील चेता-रक्तवाहिन्यांसाठी सोडतात. दाब नेमका कशाने उतरतो, हा वाद जुना आहे. नेत्रजल स्रवणाऱ्या उपकलेचा (पेशींच्या थराचा) नाश हे मुख्य कारण मानले जाते. रक्तपुरवठा घटणे आणि श्वेतपटलमार्गे निचरा वाढणे यांचाही वाटा असावा.

दीर्घकालीन यशाचा आकडा यशाच्या व्याख्येवर फार अवलंबून असतो. काही लेखक ५ ते २२ मिमी. पारा हा दाब पुरेसा मानतात, काही मूळ दाबात ३० टक्के घट. पुन्हा लेसर द्यावा लागला तर कोणी अपयश धरतो, कोणी धरत नाही. बेकमन व वेल्टरमन यांच्या १९८४ च्या अहवालात रुबी लेसर दिलेल्या २४१ डोळ्यांपैकी सुमारे ६२ टक्के डोळ्यांत दाब ५ ते २२ च्या दरम्यान राहिला. नवरक्तवाहिन्यांच्या काचबिंदूत यश कमी होते. डायोडबाबतही चित्र साधारण असेच दिसते. दाब बहुतेकांत उतरतो, पण परिणाम काळाबरोबर ओसरतो व पुनरावृत्ती लागते. औषधाचे थेंब कमी झाले तरी पूर्ण सुटतातच असे नाही.

दृष्टी टिकली की गेली, याचा हिशेब अवघड आहे. अशा डोळ्यांत मूळ रोगच दृष्टी घेत असतो. म्हणून नजर गेल्याचे सारे खापर लेसरवर फोडणे योग्य नव्हे. मात्र दाब अतिशय घसरणे आणि क्वचित डोळा आक्रसणे ही खरी भीती असून ती एकूण ऊर्जेबरोबर आणि नवरक्तवाहिन्यांच्या काचबिंदूत वाढते. हे काही वर्षांनंतरही उद्भवू शकते, त्यामुळे वर्षभराचे निष्कर्ष फसवे ठरतात. सहानुभूतीजन्य नेत्रशोथ (एका डोळ्याच्या इजेनंतर दुसऱ्या डोळ्यालाही होणारा दाह) अत्यंत विरळा. आंधळ्या, ठणकणाऱ्या डोळ्याची वेदना थांबवणे हा स्वतंत्र हेतू असून तेथे आकड्यांपेक्षा रुग्णाचा आराम मोलाचा.

चांगली नजर असलेल्या डोळ्यांत पूर्वी हा उपचार टाळत. घानातील एका गटाने २००१ मध्ये प्राथमिक उपचार म्हणूनही तो आजमावला. तेथे बाहुली शिथिल होऊन विस्फारणे हा लक्षणीय दुष्परिणाम आढळला. मुलांमध्ये परिणाम लवकर ओसरतो. १९९२ मध्ये युराम यांनी दुर्बिणीद्वारे (एंडोस्कोपद्वारे) डोळ्याच्या आतून लेसर देण्याचे तंत्र मांडले. ऊर्जा तुटक स्पंदांत देणारा मायक्रोपल्स हा अलीकडचा प्रकार.