बस्तरच्या शाळा ओस का पडल्या?

'आदिवासींनाच मुलांना शिकवायचं नसतं, म्हणून बस्तरच्या शाळा ओस' हे वाक्य आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही.

2005 मध्ये सलवा जुडूम, म्हणजे सरकारी पाठबळावरची माओवादीविरोधी सशस्त्र मोहीम, सुरू झाली आणि छत्तीसगडच्या बस्तर भागातल्या तेव्हाच्या दंतेवाडा जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी झाली. कुणी रस्त्याकडेच्या छावण्यांत, कुणी सीमेपलीकडे तेलुगू मुलखात. गावच नाही, तर शाळा कुठली? आतल्या गावांत पक्की इमारत बहुधा एकच, शाळेची. सुरक्षा दलांनी तिथे मुक्काम ठोकायचा, माओवाद्यांनी ती सुरुंगाने उडवायची. तिथे दलं राहतात म्हणून, असं माओवादी सांगायचे; पण दल कधीच न उतरलेल्या शाळाही त्यांनी सोडल्या नाहीत, तेव्हा त्यांचं हे समर्थन अर्धंच खरं धरा. शाळांतून जवानांना हलवायला 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

आणि पालक? रस्त्यालगत बांबूच्या 'पोटा केबिन' निवासी शाळा निघाल्या, तेव्हा त्यांनी लहानग्यांना घरापासून लांब तिथे ठेवलं. पुढे बंद शाळा झोपड्यांतून पुन्हा भरल्या, तेव्हा शिकवायला गावातलेच तरुण 'शिक्षादूत' म्हणून उभे राहिले. त्यातल्या काहींना माओवाद्यांनी ठार मारलं.