तोंडाला कोरड की खरी तहान?

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारावर वर्षानुवर्षं औषधं घेणारा माणूस ‘सारखं पाणी लागतं’ म्हणाला, की घरचे ‘गोळ्या उष्ण पडतात’ म्हणून विषय संपवतात. उष्णतेचा इथे काही संबंध नाही. तक्रारी दोन असतात आणि त्यांचे उपायही वेगळे.

कोरड म्हणजे लाळ कमी सुटणं. ट्रायहेक्सिफेनिडिल (मानसिक आजाराच्या गोळ्यांनी येणारा ताठरपणा-कंप कमी करणारी गोळी), अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावरची), ओलान्झापिन (स्किझोफ्रेनिया-बायपोलरवरची) यांनी असं होतं. (क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या गोळीचं उलटं, लाळ वाढून रात्री उशी भिजते.) जीभ टाळूला चिकटते, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, तिखट झोंबतं, कवळी सुटते. घोटभर पाण्याने बरं वाटतं, पण लगेच पुन्हा तेच.

तहानेत मूळ बहुधा लघवीत असतं. बायपोलरवर दिल्या जाणाऱ्या लिथियममुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. आधी पाणी जातं, मग तहान लागते. तांबेच्या तांबे रिकामे होतात, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. 24 तासांची लघवी मापून पाहा: 3 लिटरच्या वर गेली तर डॉक्टरांना सांगा. पाणी मात्र तोडू नका, रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या, हातांना जोराचा कंप, झोकांड्या, बोबडं बोलणं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्तातल्या लिथियमची तपासणी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी करतात. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि साखरही पाहावी, कारण ओलान्झापिन-क्लोझापिनने मधुमेह होऊन अशीच तहान लागू शकते.

दोन्हींत गोड चहा आणि कोल्ड्रिंक वाढतं. कोरड्या तोंडात आम्ल धुऊन काढायला लाळच नसते, म्हणून हिरडीलगत एकाच वेळी अनेक दात किडतात. टूथपेस्टच्या नळीवर 1000 पीपीएम किंवा जास्त फ्लोराइड लिहिलेलं हवं. कित्येक आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतंच. घासून झाल्यावर फेस थुंका, चूळ भरू नका. दोनदा ब्रश करण्याचं बळ नसेल तर रात्रीचा चुकवू नका, झोपेत लाळ आणखी घटते. चघळायला बिनसाखरेचं च्युइंगगम चालेल, लिंबाची गोळी नको. ट्रायहेक्सिफेनिडिल अजून लागते का, हे मानसोपचारतज्ज्ञांना जरूर विचारा. मनाने बंद करू नका.

दात काढायला जाताना गोळ्यांची चिठ्ठी न्या. दातदुखीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने लिथियमची पातळी चढते. अशा रुग्णाला सहसा पॅरासिटामॉल देतात.