सिकलसेलचं दुखणं आणि ओपिऑइड औषधं

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, पुढे रक्त पोचत नाही आणि मग हाडं, पाठ, छाती अशी ठणकते की माणूस गडाबडा लोळतो. याला क्रायसिस म्हणतात. हलकं दुखणं पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि शेकावर निभतं, पण मोठा क्रायसिस आला की मॉर्फिनसारखं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं औषध, बहुतेकदा लागतंच.

आता गोव्यात ‘ड्रग्ज’ म्हटलं की डोळ्यासमोर हणजूण-वागातोरच्या धाडी येतात, त्यामुळे मॉर्फिन मागणारा पेशंट आधीच अर्धा आरोपी. त्यात हे दुखणं बाहेरून दिसत नाही, एक्स-रेत बऱ्याचदा काही सापडत नाही, नाडी आणि बीपीसुद्धा नॉर्मल असू शकते. लहानपणापासून दुखण्याची सवय झालेला पोरगा कॅज्युअल्टीत मोबाईलवर मॅच बघत बसतो, ते दुखण्यातून लक्ष काढायलाच, पण बघणाऱ्याला वाटतं याला कुठे काय झालंय. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०२० च्या सूचना सांगतात की पेशंट आल्यापासून तासाभरात पहिला डोस द्या आणि दर ३० ते ६० मिनिटांनी परत विचारा.

व्यसन लागेल ही भीती सगळ्यांना. हळूहळू डोस वाढवावा लागणं आणि अचानक बंद केल्यावर अंग मोडून येणं ह्या दोन्ही गोष्टी शरीराच्या आहेत, त्यालाच व्यसन म्हणत नाहीत. व्यसनाचा धोका खरा आहे, पण म्हणून तळमळणाऱ्याला थांबवून ठेवायचं नसतं. उलटंही होतं म्हणा, बरेच महिने रोज ओपिऑइड चालू राहिलं तर कधीकधी दुखणं जास्तच जाणवायला लागतं.

रोजचा त्रास मात्र वेगळाच, बद्धकोष्ठता! मळमळ, गुंगी काही दिवसांत कमी होते, पोट मात्र सवय करून घेतच नाही, म्हणून गोळ्या काही दिवस चालणार असतील तर पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही सोबत लागतं. नुसता इसबगोल घेऊन पाणी कमी प्यायलं तर आणखी घट्ट होतं, पेज आणि पाणी चालू ठेवावं. खाज सुटली म्हणजे ॲलर्जीच असं नाही, काहींची लघवी अडते.

धोक्याची गोष्ट म्हणजे श्वास. गुंगी जास्त झाली की श्वास उथळ होतो, आणि सिकलसेलमध्ये फुप्फुस नीट फुगलं नाही तर ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम होऊ शकतो जो जीवावर बेततो, पण दुखण्यामुळे छाती आवळून धरली तरी तेच होतं, म्हणजे औषध जास्त झालं तरी पंचाईत आणि कमी पडलं तरी. म्हणून गोळे वर उचलायचं ते प्लास्टिकचं श्वासाचं खेळणं जागेपणी पुन्हा पुन्हा करायला लावतात. हाक मारूनही नीट जागा होत नसेल तर पुढचा डोस थांबवतात, गरज पडली तर नालोक्सोन हा उतारा असतो. ह्या गोळ्यांवर फेणी किंवा झोपेची गोळी अजिबात नको.

पेथिडिन शक्यतो टाळतात कारण त्यातून तयार होणारा पदार्थ साठून फिट येऊ शकते. सिकलसेलमध्ये किडनीही बिघडते, तेव्हा मॉर्फिनचे अंश शरीरात रेंगाळतात, आणि डायक्लोफेनॅकसारखी साधी वाटणारी पेनकिलरसुद्धा जपूनच.

मॉर्फिन १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, ट्रॅमाडॉल हे हलकं ओपिऑइडही २०१८ पासून त्याच कायद्यात आलं. म्हणून कोपऱ्यावरच्या फार्मसीत मॉर्फिन सहज मिळत नाही.

क्रायसिसच कमी यावेत म्हणून हायड्रॉक्सीयुरिया रोज घेतात. आणि विदर्भातून कळंगुटला हॉटेलात कामाला आलेल्या सिकलसेलवाल्या मुलाने पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याची: आजाराचं नाव, मागच्या वेळी कुठलं औषध किती दिल्यावर उतार पडला, कशाची ॲलर्जी, किडनीचा शेवटचा रिपोर्ट.