ईसीएम बदलला, तरी गाडी स्टार्ट का घेत नाही?

त्याच मॉडेलचा, त्याच पार्ट नंबरचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा डबा, जुन्या बाजारातून आणला. कपलर नीट लॉक केले, बॅटरी जोडली, सेल्फ मारला. इंजिन फिरतं, पण गाडी स्टार्ट घेत नाही आणि मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहतं. डिझेल एसयूव्हीवर काम करणाऱ्या गॅरेजांना हा प्रसंग आता नवा नाही. मिस्त्रीचा हात तयार आहे, मालक पैसे मोजायला तयार आहे, तरी गाडी जागची हलत नाही. असं का होतं, हे कळायला या डब्याचा प्रवास माहीत हवा.

आपल्याकडच्या ट्रकांचा मोठा काळ इंजिनाला डिझेल देणाऱ्या मेकॅनिकल पंपाचा होता. चालक त्याला सरसकट ‘मायको पंप’ म्हणायचे, कारण तो बहुधा मायकोचाच असायचा. याच कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश लिमिटेड झालं आणि तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. किती डिझेल द्यायचं हे त्या पंपातला गव्हर्नर ठरवायचा, फिरणाऱ्या वजनांच्या आणि स्प्रिंगच्या जोरावर. पंप बिघडला की उतरवून पंपवाल्याकडे न्यायचा. तो बेंचवर लावून काचेच्या नळ्यांत पडणारं डिझेल मोजायचा, सगळ्या सिलिंडरला सारखं जाईपर्यंत पुन्हा पुन्हा. एका गाडीचा पंप त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीवर चढवला, टायमिंग जुळवलं की काम फत्ते. कोणाची परवानगी लागत नसे.

इंजिनात संगणक आधी पेट्रोल गाड्यांमुळे आला, आणि तो आणला धुरानं. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बॉशनं 1967 मध्येच फोक्सवॅगनच्या गाडीत दिलं होतं, पण खरी निकड निर्माण केली अमेरिकेच्या 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यानं. धुरातले तिन्ही मुख्य विषारी घटक मारणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचं तर एक किलो पेट्रोलला सुमारे 14.7 किलो हवा हे प्रमाण सतत राखावं लागतं. साध्या कार्ब्युरेटरला ते झेपणारं नव्हतं. 1981 च्या सुमारास जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या पेट्रोल कारमध्ये इंजिनाचा संगणक बसू लागला.

त्या काळात ईसीएम कसा बदलत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जनरल मोटर्सचा नवा डबा यायचा तो अर्धा रिकामा. त्या विशिष्ट गाडीचं वजन, गिअर, इंजिन यांचा हिशोब ‘प्रॉम’ नावाच्या छोट्या चिपमध्ये असायचा. मिस्त्री जुन्या डब्याचं झाकण उघडायचा, चिप तिच्या प्लॅस्टिकच्या खोबणीसकट अलगद उचलायचा आणि नव्या डब्यात दाबून बसवायचा. चिप उलटी बसवून चावी फिरवली तर ती जळून जायची, एवढी एकच काळजी. गाडीची ओळख हातात धरता येत होती आणि एका डब्यातून दुसऱ्यात नेता येत होती.

नव्वदच्या दशकात ती चिप हातातून गेली. पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश मेमरी आली, हिशोब डब्याच्या पोटातच लिहिला जाऊ लागला. अमेरिकेत 1996 पासून ओबीडी-टू, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवण्याची ठरावीक पद्धत, सक्तीची झाली आणि सोळा पिनांचं एकसारखं सॉकेट प्रत्येक कारमध्ये आलं. बिघाडाचा कोड कोणीही वाचू शकेल, ही त्यातली मोठी सोय. पण वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. लिहिण्याची साधनं बराच काळ कंपन्यांच्याच हाती राहिली. त्यातच युरोपात गाडीचोरीला आळा घालण्यासाठी 1998 पासून नव्या कारला इमोबिलायझर सक्तीचा झाला. चावीतली चिप आणि ईसीएम यांची आपसातली खूण पटली नाही, तर डिझेल सुटतच नाही. सुरुवातीला सांगितलेलं ते लुकलुकणारं चिन्ह तिथून आलेलं आहे.

डिझेलच्या अवजड वाहनांत डेट्रॉइट डिझेलनं 1985 मध्ये डीडेक ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली आणली. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 या कारमध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जोरदार दाबाचं डिझेल देणारं तंत्र, आलं, सुमारे 1350 बार दाबाचं. इतक्या दाबाला इंजेक्टर क्षणभर जास्त उघडा राहिला तरी मात्रा बदलते. म्हणून कित्येक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड कोरलेला असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो. दुसऱ्या गाडीच्या ईसीएममध्ये दुसऱ्याच इंजेक्टरांचे कोड असतात. गाडी चालली तरी आवाज करते, धूर सोडते.

आपल्याकडे हे सगळं फार थोड्या वर्षांत अंगावर आलं. बीएस, म्हणजे भारत स्टेज, हे धुराचे सरकारी नियम; त्यातल्या बीएस-३ ची सक्ती देशभर 2010 मध्ये झाली. 29 मार्च 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिलपासून बीएस-३ वाहनांच्या विक्रीवर बंदी घातली, आणि बीएस-५ ची पायरी गाळून 1 एप्रिल 2020 पासून थेट बीएस-६ आलं. बीएस-४ पर्यंत मेकॅनिकल पंपाला थोडी जागा होती. अशोक लेलँडनं तर धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारं आयईजीआर तंत्र वापरून बीएस-४ च्या ट्रकांतही इनलाइन प्रकारचा मेकॅनिकल पंप टिकवला. बीएस-६ नं ती जागाही संपवली. युरोप-अमेरिकेतल्या मिस्त्रींना जे शिकायला दोन-तीन दशकं मिळाली, ते आपल्या मिस्त्रीला दहा वर्षांत शिकावं लागलं. तो कमी पडतो असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब लक्षात ठेवावा.

या घाईत एक नुकसान वारंवार होतं: डबा चांगला असूनही बदलला जातो. पावसाचं पाणी कपलरमध्ये शिरून पिनांवर हिरवा थर धरतो, उंदीर वायर कुरतडतात, चॅसीवरची अर्थिंग गंजते. एखादा सेन्सर शॉर्ट झाला की सेन्सरांना वीज देणारी पाच व्होल्टची लाइन खाली बसते आणि तिच्यावरचे बाकीचे सेन्सरही खोटं बोलू लागतात. स्कॅनर मात्र कोडांची रांग दाखवतो आणि ईसीएम गेला असं वाटतं. खरंच गेला असेल, तर कारणही बहुतेक वेळा बाहेरच असतं: अल्टरनेटरनं जास्त व्होल्टेज दिलं, किंवा बॅटरी न सोडवता चॅसीवर वेल्डिंग केलं. कारण शोधल्याशिवाय बसवलेला नवा डबाही त्याच वाटेनं जाऊ शकतो.

ईसीएममध्ये लिहिण्याचा, गाडी दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, यावर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं 2012 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. भारतात ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचाही समावेश आहे.

दरम्यान आपल्याच गावांतल्या गल्ल्यांत ईसीएम दुरुस्त करणारी मुलं उभी राहिली आहेत. ती जुना डबा फेकू देत नाहीत. हीट गननं कडेचा गोंद मऊ करतात, झाकण उचकटतात, आत आठ पायांची बारीकशी मेमरी चिप शोधतात, तिला क्लिप लावून आतला मजकूर लॅपटॉपवर उतरवून घेतात आणि दुसऱ्या डब्यात लिहितात. चावीची खूण आणि इंजेक्टरचे कोड त्या मजकुराबरोबर गेले की लुकलुकणारं चिन्ह विझतं आणि गाडी स्टार्ट घेते.