नोट दाखवायला आणण्याआधी इस्त्री बाजूला ठेवा

“नोट कोरी करकरीत दिसते, मग ग्रेड ५५ कशी?” हा संग्राहकांचा प्रश्न आमच्याकडे सतत येतो (ग्रेड म्हणजे नोटेच्या स्थितीला ७० पैकी मिळालेले गुण) आणि बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: नोट दाबलेली आहे. कुणीतरी जाड पुस्तकांखाली नाहीतर कापड घालून इस्त्रीखाली तिची घडी मोडलेली असते. अशानं घडी दिसेनाशी होते, पण जात नाही. घडीच्या रेषेवर कागदाचे तंतू तुटलेले असतात आणि तुटलेला तंतू उष्णतेनं सांधत नाही.

त्याहून मोठा तोटा उठावाचा. इंटाग्लिओ छपाईत कागद प्रचंड दाबाखाली प्लेटच्या कोरीव रेषांत शिरतो, म्हणून शाई समोरून बोटाला लागेल इतकी उंच येते. अनुक्रमांक ठशानं छापलेला असेल तर मागच्या बाजूला त्याच आकड्यांचे बारीक फुगवटे दिसतात. इस्त्री फिरली की दोन्ही सपाट! घडी असलेली पण न दाबलेली नोट आम्ही आनंदानं घेतो. दाबलेली घेताना हात आखडतो.

घरी तपासायचं तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च नोटेच्या कडेजवळ, जवळजवळ आडवा धरा. नोट चारही बाजूंनी फिरवा, मग उलटी करून पुन्हा तेच. घडी सावलीची सरळ रेष म्हणून दिसते. नुसता बाक असेल तर सावली मऊ असते, तिला धार नसते. आकड्यांमागे फुगवटे दिसले नाहीत तर थांबा आणि पुढे काहीही करू नका.

धुणं हा दुसरा प्रकार. पाण्यात कागदावरचं सरस उतरतं, नोट लुळी पडते, हलवल्यावर आवाज बसका येतो. साबणाच्या पावडरीत उजळपणा आणणारी रसायनं असतात. जुना सुती कागद अतिनील दिव्याखाली मंद दिसायला हवा, तो निळसर चमकू लागतो. खोडरबरानं पेन्सिलची खूण काढायला गेलात तर शाईची झिलई जाते. खूण राहू द्या.

७० गुणांच्या मापात ६० पासून पुढे ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे न वापरलेली. नोटांना ग्रेड देणाऱ्या पीएमजी या कंपनीकडे ६५ किंवा त्यावरची ग्रेड हवी तर कागद मूळ स्थितीतला आहे असा ‘ईपीक्यू’ शेराही मिळावा लागतो. दाबलेल्या वा धुतलेल्या नोटेला तो मिळत नाही, म्हणजे समास कितीही सारखे असले तरी ६५ चं दार बंद. वरच्या ग्रेडमध्ये एकेका अंकाला किमतीत केवढा फरक पडतो, हे संग्राहकांना सांगायला नको.

मोबाइलच्या फोटोवरून आम्ही ग्रेड का सांगत नाही, अशी तक्रार असते. समोरून पडलेला फ्लॅश घडीची सावलीच पुसून टाकतो, म्हणून. आम्ही नोट पाकिटातून बाहेर काढूनच पाहतो. पाकिटाची चकाकी बारीक घड्या लपवते. याला वेळ लागतो, आणि घाईत सांगितलेली ग्रेड नंतर दोघांनाही महागात पडते.

ठेवण्यासाठी पीव्हीसीचे खिसे टाळा. नव्या रेनकोटसारखा वास येतो ते बहुधा पीव्हीसीच. त्यातला मऊपणा आणणारा द्रव हळूहळू बाहेर येऊन नोट चिकट करतो. पॉलिस्टरचं पाकीट वापरा, नोटेपेक्षा जरा मोठं, म्हणजे सरकवताना कोपरा दुमडत नाही. वेगवेगळ्या मापांची अशी पाकिटं आमच्याकडे मिळतात, सुटीसुद्धा. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा, नोटा उन्हात मांडू नका. हात धुऊन पूर्ण कोरडे करून कडेनं धरा. सुती हातमोज्यांचा धागा कडेला अडकतो, त्यापेक्षा स्वच्छ बोटं बरी. आणि बंडल असेल तर ते मोजू नका. मोजताना कोपऱ्यांवर पडणारे बाक ६६ ची नोट ५८ वरही आणू शकतात.

आणताना नोट पाकिटात, दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. टेप पुठ्ठ्याला लावा, पाकिटाला नाही. स्टेपलर तर नकोच. आधीच स्टेपल असेल तर ती तशीच राहू द्या, आम्ही काढू.