ड्रम ब्रेकची जुळवणी व दोषनिदान (जुन्या मोटारी)

चाकासोबत फिरणाऱ्या ओतीव लोखंडी ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. पॅडल दाबले की नळ्यांतल्या ब्रेक ऑइलच्या दाबाने ते बाहेर फाकतात, त्यांवरचे घर्षणाचे पट्टे, म्हणजे लायनर, ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबते. लायनर व ड्रम यांच्यातील अंतर योग्य राखणे म्हणजे जुळवणी. मुंबईच्या गॅरेजांत याला ‘ब्रेक टाइट करणे’ म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे, पण घोटाळाही त्यातूनच होतो. टाइट करून बरा होणारा दोष एकच आहे, तो म्हणजे लायनर झिजून वाढलेले अंतर. बाकीचे दोष टाइट केल्याने चार दिवस झाकले जातात, एवढेच.

फ्रेंच मोटारनिर्माते लुई रेनॉ यांनी १९०२ च्या सुमारास रूढ केलेली ही रचना मुंबईकरांच्या ओळखीची झाली ती फियाटमुळे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनत असे. १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मूळ रचनेत तिच्या चारही चाकांना ड्रम होते. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची हटली. आता ती हौशी मालकांकडे दिसते. तिथे ती धावते कमी आणि उभी जास्त असते, आणि ड्रम ब्रेकला उभे राहणे सोसत नाही.

पुढे जाताना ज्या शूचे टोक ड्रमच्या फिरण्याच्या दिशेनेच ढकलले जाते, त्याला ड्रमच आणखी आपल्याकडे ओढून घेतो. हा पुढचा, म्हणजे ‘लीडिंग’ शू. त्यामुळे थोड्या जोरात बराच ब्रेक मिळतो. ज्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत दोन व्हील सिलिंडर (शू ढकलणारे पिस्टनचे नळकांडे) आणि दोन्ही शू लीडिंग असतात, त्यांत रिव्हर्समध्ये हाच फायदा उलटतो. मलबार हिलच्या चढावर अशी गाडी मागे घसरू लागली की पॅडलवर दुप्पट जोर द्यावा लागतो. तो दोष नव्हे, घडणच तशी आहे.

जुळवणीची सोय बॅकप्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या तबकडीवर असते. काही गाड्यांत पान्याने फिरणारा कॅम, काहींत चौकोनी डोक्याचा पाचरीसारखा अ‍ॅडजस्टर, तर काहींत स्क्रू ड्रायव्हरने ढकलायचे दातेरी चाक. रीत मात्र एकच. उरलेल्या चाकांखाली ठोकळे लावावेत, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर घ्यावी. मागची चाके असतील तर आधी हँडब्रेक सोडावा आणि त्याची केबल सैल करावी. चाक हाताने फिरवत अ‍ॅडजस्टर आवळत जावे. चाक अडले की पॅडल एकदा जोरात दाबून शू मध्यावर बसू द्यावेत. चाक पुन्हा सैल वाटले तर पुन्हा आवळावे. मग चाक मोकळे फिरेल आणि लायनरची हलकी खसखस तेवढी ऐकू येईल, इतपत अ‍ॅडजस्टर मागे घ्यावा. हँडब्रेकची केबल अगदी शेवटी. घाईचा कारागीर नेमके उलटे करतो. आधी केबल ओढतो, शू त्यामुळे अर्धवट फाकलेलेच राहतात, आणि पुढची सगळी जुळवणी फसवी ठरते.

चाक उघडण्याआधी पायाला काय जाणवते ते पाहावे. पॅडल खोल जाते, पण दोन-तीनदा पंप केल्यावर वर येऊन कडक होते, तर अंतर वाढले आहे, जुळवणी करावी. स्पंजासारखे दबते, तर नळ्यांत हवा आहे. एअर काढावी, आणि ती मास्टर सिलिंडरपासून (पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सर्वांत लांबच्या चाकापासून. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते बहुधा मागचे डावे. पॅडल कडक लागते पण पाय दाबून धरला की हळूहळू खाली सरकते आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले. असे असताना अ‍ॅडजस्टरला हात लावण्यात अर्थ नाही. जुन्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचे एकच सर्किट असल्याने एका व्हील सिलिंडरची मोठी गळतीही सगळे ब्रेक घालवते. मग तारेवर चालणारा हँडब्रेक तेवढा हाती राहतो.

ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुधा पलीकडचे चाक काम करत नसते: सिलिंडरचा पिस्टन जाम झालेला, किंवा ऑइल सीलमधून तेल येऊन लायनर भिजलेला. पण थोडासाच ओशटपणा असेल तर तो लायनर उलट चिकटून धरतो आणि गाडी त्याच बाजूला जाते, म्हणून दोन्ही चाके उघडून पाहावीत. भिजलेला लायनर पेट्रोलने पुसून वापरू नये. बदलावा, आणि तोही जोडीने. पॅडल पायाखाली ठेका धरल्यासारखे थरथरते, तर ड्रम गोल राहिलेला नाही. तो लेथवर मारून घ्यावा. एकच चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहत असेल तर रबरी होज आतून फुगला आहे का ते पाहावे. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो आणि पुष्कळांना चकवतो.

मुंबईच्या हवेचा वाटा यात मोठा आहे. ब्रेक ऑइल नावाला ऑइल. ते ग्लायकॉलजन्य असते आणि हवेतले पाणी शोषते. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. खंडाळ्याचा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरताना हाच फरक नडतो: तापून ड्रम फाकतो, लायनरची पकड सुटते आणि त्यात ऑइल उकळून वाफ धरते. म्हणून खालचा गिअर. नावाला भुलून ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल ओतले, तर सगळी रबरे फुगतात आणि पूर्ण यंत्रणा उघडावी लागते.

हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलच्या पावसात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी राहते आणि पहिले एक-दोन ब्रेक लागतच नाहीत. पाण्याबाहेर येताच सावकाश चालवत पॅडल हलके दाबून धरावे. घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकतात. सकाळच्या पहिल्या ब्रेकला गाडी धक्का देते तो रात्रीत चढलेला गंजाचा पातळ थर. दोन-चार ब्रेकनंतरही धक्का राहिला, तरच ड्रम उघडावा.

उघडताना काळी भुकटी फुंकू नये, एअर गनने तर नाहीच. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे मिळणाऱ्या जुन्या मालाची खात्री नसते. ओल्या फडक्याने पुसावे, फडके पिशवीत बांधून टाकावे. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला चिकटतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.