लिथुएनियातील घरगुती तापनव्यवस्था

कडाक्याच्या हिवाळ्यात घरे ऊबदार ठेवण्यासाठी लिथुएनियात रूढ असलेली व्यवस्था. बाल्टिक समुद्राकाठच्या या छोट्या देशातल्या निम्म्याहून अधिक घरांत ऊब स्वतःच्या शेगडीतून किंवा हीटरमधून येत नाही. शहराच्या एका टोकाला असलेल्या केंद्रात पाणी तापवले जाते, जमिनीखालच्या जाड वेष्टनाच्या नळांतून ते इमारती-इमारतींत फिरते आणि निवून पुन्हा केंद्राकडे जाते. न्हाणीघरातला तांब्याचा बंब एका घराऐवजी अख्ख्या गावासाठी पेटवावा, तसा हा प्रकार. राजधानी विल्नियस, काउनास, क्लायपेदा, श्याउलेई, पानेवेझीस ही मोठी शहरे तर या जाळ्यांवर चालतातच, पण कित्येक लहान गावांतही असे एखादे तापकेंद्र असते. लिथुएनियन भाषेत तापनाला शिल्दीमस, नळांतून येणाऱ्या उष्णतेला शिलुमा आणि तापकेंद्राला कातिलिने म्हणतात. खोलीतली ऊब ही तिथे खाजगी बाब उरलेली नाही. ती नगरपालिका, इमारतीचे तळघर आणि शेजाऱ्यांचे मत यांवर ठरते. देशाच्या अलीकडच्या राजकारणातही तिचा वाटा मोठा आहे.

जानेवारीत किनाऱ्यालगत तापमान सरासरीने शून्याच्या जरासे खाली असते, पूर्वेकडे ते उणे 4-5 अंश सेल्सिअसपर्यंत जाते, आणि थंडीची लाट आली की उणे 20 च्याही खाली उतरते. तरीही तापन केव्हा सुरू करायचे हे ज्याच्या-त्याच्या हुडहुडीवर सोडलेले नाही. बाहेरचे सरासरी तापमान सलग तीन दिवस 10 अंशांखाली राहिले की नगरपालिका 'शिल्दीमो सेझोनास', म्हणजे तापनाचा हंगाम, जाहीर करते. वसंतात सलग तीन दिवस ते 10 अंशांच्या वर राहिले की हंगाम संपतो. साधारणपणे हा काळ ऑक्टोबर ते एप्रिल असा असतो. दवाखाने आणि बालवाड्यांना आधी सुरुवात करता येते; एखाद्या इमारतीचे रहिवासीही आपापसांत ठरवून नळ लवकर उघडू शकतात किंवा उशिरा, पण तसे ठरवायचे तर बहुसंख्य शेजाऱ्यांचा होकार लागतो. सप्टेंबरअखेरचे दहा-पंधरा दिवस त्यामुळे फार अवघडलेले जातात. भिंती गार पडू लागलेल्या, रेडिएटर, म्हणजे गरम पाणी आत फिरवून खोली तापवणारे धातूचे उपकरण, मात्र अजून थंडगार. शिकायला गेलेले भारतीय विद्यार्थी याच दिवसांत रेडिएटरची चावी फिरवून बघतात आणि ती बिघडली आहे अशी समजूत करून घेतात. हंगाम सुरू झाल्यावर राहत्या खोलीत 18 ते 22 अंश तापमान असावे, असे आरोग्यविषयक मानक आहे.

परंपरा : नळ येण्यापूर्वी घराचा जीव क्रोस्निसमध्ये, म्हणजे विटा-मातीच्या भल्या मोठ्या भट्टीत असे. तीच स्वयंपाकाची चूल, तीच पावाची भट्टी आणि तीच रात्रीची ऊब. राईचा काळा पाव भाजून झाला की तिचे जाड अंग तासन्‌तास तापलेले राहत असे, आणि म्हातारी माणसे व मुले तिच्या पाठीशी वा माथ्यावर झोपत. फार जुन्या खेडवळ घरांना धुराडे नव्हते; धूर छतातून आणि दारातून वाट काढी. विस्तवाची देवता गाबिया. संध्याकाळी निखारे राखेखाली झाकताना त्यांना 'निजवायचे', मिठाची चिमूट टाकायची आणि रात्रभर शांत राहायची विनवणी करायची, असा रिवाज होता. लाकडी घरांच्या देशात ही निव्वळ भाविकता नव्हती. एका ठिणगीने अख्खे गाव जाऊ शके. श्रीमंतांच्या भट्ट्या रंगीत, नक्षीदार फरशांनी मढवलेल्या असत. विल्नियसच्या महासरदारांच्या, म्हणजे लिथुएनियाच्या जुन्या राज्यकर्त्यांच्या, राजवाड्याच्या उत्खननात अशा फरशांचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले.

सोव्हिएत काळातील जाळे : दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योग वाढले, खेड्यांतली माणसे शहरांत आली आणि त्यांच्यासाठी काँक्रीटच्या तयार तुकड्यांच्या इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. विल्नियसजवळच्या टेकड्यांवर वसवलेल्या लाझ्दिनाई वसाहतीला तर 1974 मध्ये लेनिन पुरस्कार मिळाला. इमारती देखण्या होत्या, पण भिंती पातळ; इंधन इतके स्वस्त होते की उष्णता जपण्याचे कोणाला कारणच नव्हते. वीजकेंद्रात वीज तयार करताना उरणारी उष्णता वाया न घालवता नळांत सोडावी, ही कल्पना मात्र खरोखर चांगली होती आणि आजही आहे. एलेक्त्रेनाई हे गाव वीजकेंद्राबरोबरच वसले आणि त्याच्याच उष्णतेवर जगले. पूर्वेकडच्या विसागिनास या गावाची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या घरांचे रेडिएटर इग्नालिना अणुवीजकेंद्राच्या उष्णतेवर तापत. युरोपीय संघात प्रवेशाच्या अटीनुसार या केंद्राची पहिली अणुभट्टी 2004 च्या अखेरीस आणि दुसरी 2009 च्या अखेरीस बंद झाली, आणि गावाला ऊबेसाठी दुसरी सोय पाहावी लागली.

इमारतीच्या आत काय घडते, ते तळघरात गेल्याशिवाय समजत नाही. शहराच्या जाळ्यातले गरम पाणी थेट घरांत येत नाही. तळघरातल्या 'शिलुमोस पुंक्तास'मध्ये पत्र्यांच्या चळतीसारखा एक उष्णता-विनिमयक असतो. एका बाजूने शहराचे पाणी, दुसऱ्या बाजूने इमारतीचे, मध्ये पातळ धातू. बाहेरच्या भिंतीवर बसवलेला तापमापक हवा किती गार आहे ते नियंत्रकाला सांगतो आणि त्यानुसार पाणी कमी-जास्त तापते. इथवर सगळे शास्त्रशुद्ध. गोंधळ पुढे सुरू होतो. जुन्या इमारतींत एकच उभा नळ मजल्यामागून मजल्यावरच्या रेडिएटरांना पाणी देत जातो. नळाच्या सुरुवातीच्या घरात उकडते, शेवटच्या घरात स्वेटर घालून बसावे लागते, आणि टोकाच्या भिंतीलगतच्या घरांचे हाल सगळ्यांत जास्त. रेडिएटरला कमी-जास्त करायची सोय नाही, म्हणून उकडणारा माणूस खिडकी उघडतो. मीटर तळघरात एकच. बिल घराच्या चौरस मीटरांवर वाटले जाते, तेव्हा उघड्या खिडकीतून गेलेली ऊब खालच्या कुडकुडणाऱ्या म्हातारीच्याही बिलात येते.

न्हाणीघरातल्या 'गीवातुकस'चे प्रकरण तर याहून गमतीचे. नागमोडी वळणाचा हा नळ भिंतीवर असतो. तोटीला येणाऱ्या गरम पाण्याची वर्दळ त्यातून चालू राहते, त्यावर टॉवेल वाळतात आणि न्हाणीघरात बुरशी धरत नाही. पण ही वर्दळ जुलैतही थांबत नाही, म्हणून तिची आकारणीही बारमाही. उन्हाळ्यात 28 अंशांच्या उकाड्यात न्हाणीघर तापवण्याचे पैसे का द्यायचे, हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो आणि दर वर्षी उत्तर तेच मिळते : पाणी फिरते ठेवले नाही तर वरच्या मजल्यावर गरम पाणी यायला वेळ लागेल आणि नळांत जंतू वाढतील. उत्तर बरोबर आहे. त्याने कोणाचे समाधान मात्र होत नाही.

वायू आणि राजकारण : 11 मार्च 1990 रोजी लिथुएनियाने स्वातंत्र्य पुकारले आणि एप्रिलमध्ये मॉस्कोने आर्थिक नाकेबंदी करून तेल रोखले, वायूचा पुरवठा मोठ्या प्रमाणात कापला. ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला उठली, पण पुढच्या काही हिवाळ्यांत इंधनाचा तुटवडा आणि वाढलेले दर यांनी शहरे गारठली. गरम पाणी बंद, खोल्या अर्धवट तापलेल्या, माणसे घरात कोट घालून बसलेली : त्या पिढीच्या आठवणींत हे पक्के बसले आहे. नंतरची दोन दशके तापकेंद्रे मुख्यतः रशियन नैसर्गिक वायूवर चालली आणि तो विकणारी कंपनी एकच होती, गाझप्रॉम. दुसरा विक्रेता नसल्याने दर ती सांगेल तो. 27 ऑक्टोबर 2014 रोजी क्लायपेदाच्या बंदरात 'इंडिपेन्डन्स' नावाचे, द्रवरूप वायू साठवून पुन्हा वायुरूप करणारे जवळपास 300 मीटर लांबीचे जहाज दाखल झाले, तेव्हा हा एकाधिकार मोडला. जहाज येण्याच्या काही महिने आधीच गाझप्रॉमने दर सुमारे पाचव्या हिश्शाने उतरवले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एप्रिल 2022 मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, लिथुएनियाने आपल्या गरजेसाठी रशियन वायू घेणे पूर्ण थांबवले.

तोवर तापकेंद्रांचा वायूशी संबंध बराच तुटलाही होता, आणि या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा बदल हाच. देशाचा सुमारे एक-तृतीयांश भाग जंगलाखाली आहे. 2000 साली शहरी उष्णतेत लाकडाचा वाटा जेमतेम काही टक्के होता. 2020 नंतर तो दोन-तृतीयांशांच्या पुढे गेला. 'बिओकुरास' म्हणजे मुख्यतः तोडणीनंतर उरलेले शेंडे, फांद्या आणि लाकूडकामातला टाकाऊ माल यांचा चुरा. तो ओला असतो, जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे. म्हणून धुराड्यात जाणारी वाफ पुन्हा थंड करून तिच्यातली उष्णता काढून घेणारी यंत्रे बसवली गेली आणि त्याच लाकडातून जास्त ऊब मिळू लागली. चुऱ्याचा भाव बाल्टपूल या ऊर्जा-बाजारात लिलावाने ठरतो. आज घरी येणारे बिल त्यामुळे बरेचसे या लिलावावर हलते. 2022 मध्ये निर्बंधांमुळे बेलारूसमधून येणारे लाकूड थांबले, तेव्हा भाव भडकले होते. लाकूड स्वदेशी असले म्हणून ते नेहमी स्वस्तच राहील, हा समज त्या हिवाळ्यात गळून पडला.

कचरा जाळून उष्णता काढण्याचे काम क्लायपेदात 2013 पासून चालू आहे. काउनास आणि विल्नियस इथली केंद्रे नंतर आली. क्लायपेदातच जमिनीखाली सुमारे 1,100 मीटरवरचे 38 अंशांचे खारे पाणी वापरून पाहिले गेले, पण विहिरींच्या अडचणी आणि हिशेब यांत तो प्रयोग टिकला नाही. विल्नियसचे नळजाळे 2002 ते 2017 अशी पंधरा वर्षे फ्रेंच कंपनीकडे भाडेपट्ट्याने होते. ते शहराकडे परतले, पण दोन्ही बाजूंचे दावे आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेले.

जाळ्याबाहेरची घरे : खेड्यांत आणि शहरांच्या कडेच्या स्वतंत्र घरांत माल्कोस म्हणजे सरपण, दुर्पेस म्हणजे पीट या दलदलीतल्या इंधनाच्या विटा, भुशाच्या गोळ्या किंवा वायू वापरतात. नव्या घरांत उष्णता-पंप आले आहेत.

दर आणि नूतनीकरण : उष्णतेचे दर राज्य ऊर्जा नियामक परिषदेच्या देखरेखीखाली महिन्यागणिक बदलतात आणि शहरागणिक वेगळे असतात. पण बिलातला खरा फरक दरापेक्षा भिंतीमुळे पडतो. एकाच गल्लीतल्या सारख्याच दोन घरांपैकी नूतनीकरण झालेल्या इमारतीतले बिल दुसऱ्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी असते. बाहेरून उष्णतारोधक थर चढवणे, खिडक्या बदलणे, एकाच नळाची मांडणी मोडून प्रत्येक रेडिएटरला स्वतंत्र नियंत्रण देणे, हा या कामाचा गाभा. सरकारचा कार्यक्रम 2004 मध्ये सुरू झाला. अनुदान आणि स्वस्त कर्ज दोन्ही मिळते. तरीही वेग मंद राहिला. तापकेंद्रांचे इंधन दशकभरात बदलता आले, कारण तिथे निर्णय घेणारी माणसे मूठभर होती. इमारतीत मात्र बहुसंख्य घरमालकांचा होकार लागतो आणि सोव्हिएत काळानंतर जवळपास प्रत्येक जण आपल्या घराचा मालक झालेला. म्हाताऱ्यांना नवे कर्ज नको असते. शिवाय ज्यांचे उत्पन्न कमी त्यांना शासन तापनाच्या खर्चाची भरपाई देते : ठरावीक रकमेच्या वर जेवढे उत्पन्न असेल त्याच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त बोजा कुटुंबावर पडू नये, असा हिशेब आहे. ज्याचे बिल दुसराच भरतो त्याला भिंतीवर थर चढवण्याची घाई का असावी? हे ओळखून पुढे नूतनीकरणाला विरोध करणाऱ्या रहिवाशांची भरपाई कमी करण्याची तरतूद कायद्यात करण्यात आली.